वसईच्या बुरुजाखालची बत्ती

वसईला कुणी मुद्दाम फिरायला जातं का, असं साताऱ्यातल्या आमच्या शेजारणीने विचारलं. तिच्या दृष्टीने वसई म्हणजे मुंबईला जागा परवडली नाही की घ्यायच्या फ्लॅटचं गाव. खरं तर बेत माझ्या थोरल्या नणंदेचा, कुमुदवन्संचा. त्या आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून नकाशा उघडून कुठेही बोट ठेवतात. बोट वसईवर पडलं. मी ऑपरेशन थिएटरची नर्स होते, मीही आता घरीच असते. आमच्या ह्यांना प्रवासाचा कंटाळा. तेव्हा जानेवारीच्या थंडीत आम्ही दोघीच निघालो.

त्या चार-सहा दिवसांत जे पाहिलं ते इथे लिहिते आहे. त्यातला एक भाग वाचणाऱ्याला पटणार नाही. तो गाळून बाकीचं लिहावं असं वन्संनी सुचवलं नाही, उलट तोच नीट लिही म्हणाल्या. म्हणून क्रमाने लिहिते.

वसई गाव

स्टेशनापासून रिक्षा पश्चिमेला निघाली तशी इमारतींची रांग विरळ झाली आणि एका वळणावर एकदम केळीच्या बागा लागल्या. आमची उतरण्याची सोय मार्थाबायकडे होती. पासष्टीच्या घरातली ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. मुलगा परदेशी, घर मोठं, म्हणून वरच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. आमच्याशी ती शुद्ध पुस्तकी मराठी बोलायची आणि फोनवर मुलाशी त्यांच्या घरच्या बोलीत. ती बोली मराठीच, पण आम्हाला त्यातलं निम्मंही कळायचं नाही. वन्सं कान देऊन ऐकत बसत आणि चुकीचे अर्थ लावत.

पहिल्याच संध्याकाळी तिने फुगे तळले. मैद्यात नारळाचं दूध घालून, पीठ फुगवून केलेले गोल गोळे. मी त्यांना भजी म्हणाले, तर म्हणाली, "भज्यात पीठ मीठ घालून मोकळं व्हायचं. ह्याला सकाळपासून मळावं लागतं." बरोबर तिच्या घरच्या मसाल्यातलं कोंबडीचं कालवण. तो मसाला वर्षाचा एकदा करून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. आमच्याकडे कांदा-लसूण चटणी बरणीत असते तशी इथे ही बाटली. जेवणानंतर तिने सुकेळी दिली. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची आणि पानात गुंडाळून बांधायची. मधासारखी लागतात आणि दाताला चिकटून बसतात.

जेवताना किल्ल्याचा विषय निघाला. पेशव्यांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून वसई घेतली, एवढं आम्हाला शाळेपासून माहीत. मार्थाबायने पुढचं सांगितलं.

"बुरुजाखाली सुरुंग खणले होते. ते उडाले, भिंत पडली, आणि तुमचे लोक भगदाडाकडे धावले. पण एक सुरुंग मागे राहिला होता. सगळे वर चढले आणि मग तो उडाला. स्वतःच्याच दारूने गेली माणसं."

"तुमचे लोक म्हणजे?" वन्संनी विचारलं. "आणि तुमचे?"

"आमचे भात लावणारे," ती म्हणाली. "ह्या फौजेनेही तेच भात खाल्लं, त्या फौजेनेही तेच. घ्या अजून एक फुगा."

अर्नाळा

दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याला गेलो. किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, जबड्यात जबडा अडकवून, लांबून तोरणं लावल्यासारखे. वास इतका की वन्संनी पदर नाकाला लावला. थोड्या वेळाने तो आपोआप खाली आला. नाकालाही सवय लागते.

समोरच्या बेटावर किल्ला आहे आणि वस्तीही. तिथे होडीने जायचं. पण ओहोटी असल्यामुळे होडी काठाला लागत नव्हती. होडीत आधीच बसलेली एक कोळीण ओरडली, "चपला काढा बाय, पान्यातून चालाचंय!" मी काढल्या. वन्संनी ऐकलं नाही. चिखलाने त्यांची डावी चप्पल गिळली ती गिळलीच. कोळणीने हात घालून चाचपलं, हसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ती आता समुंदराची."

बेटाच्या किल्ल्यात विहिरीचं पाणी गोडं आहे, चारी बाजूंना खारं असून. वन्सं त्याची शास्त्रीय कारणं सांगत तटावरून एका चपलेने चालत होत्या. मी समुद्राकडे बघत होते. परतताना किनाऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी रबरी सपाता घेतल्या, गुलाबी रंगाच्या. त्यांच्या मापाच्या तेवढ्याच होत्या.

वसईचा किल्ला

तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यात गेलो. ह्याला किल्ला म्हणण्यापेक्षा पडलेलं शहर म्हणावं. छप्पर नसलेली चर्चं, त्यांच्या कमानींतून वर गेलेले ताड, भिंतींत शिरलेल्या वडाच्या मुळ्या, जमिनीवर पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या फरश्या. आमच्या सज्जनगड-अजिंक्यताऱ्याकडे किल्ला म्हणजे छातीत दम भरणारी चढण. इथे सगळं सपाट, आणि मधूनच रस्ता जातो, त्यावरून जेट्टीकडे जाणारे टेम्पो. एका कमानीखाली लग्न ठरलेलं जोडपं फोटो काढून घेत होतं. मुलीच्या गाऊनचं लांबलचक टोक दोघीजणी धरून उभ्या होत्या.

फिरत फिरत जमिनीकडच्या बाजूच्या बुरुजाशी आलो. तिथे तटाच्या पोटातून बाहेर जाणारी एक बुटकी, अंधारी वाट आहे. वन्संनी आत डोकावून पाहिलं आणि त्या झाडाखालच्या दगडावर बसल्या. "माझे गुडघे नाही म्हणतात. तू बघून ये. बाहेर काय आहे ते मला सांग."

माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती. पाण्याची बाटली, कात्री, पट्टी, जंतुनाशक, असलं सामान. जुनी सवय. वाकून चालताना ती भिंतीला अडकू लागली, म्हणून मधल्या वळणावर एका कोनाड्यात ठेवली आणि पुढे गेले.

शेवटच्या काही पावलांत कानांना दडे बसले. घाटात गाडी उतरताना बसतात तसे. बाहेर पडले तर ऊन अंगावर आलं. जानेवारीतलं नव्हे, वैशाखातलं. झाडं नव्हती. समोर उघडी, उकरलेली जमीन, मातीचे बांध, आणि हवेत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी असतो तसा दारूचा वास, पण शंभर पटीने. डावीकडे बुरुजाचा कोपरा ढासळून दगडांचा उतार झाला होता, त्यावरून धूर निघत होता आणि धुरातून माणसं वर चढत होती.

मला वाटलं, शूटिंग चाललं आहे. किल्ल्यात सिनेमावाले येतात हे मार्थाबाय म्हणाली होती. मी कॅमेरा शोधू लागले. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेला माणूस दिसला. डोक्याला घामेजलेलं मुंडासं, अंगात फाटका अंगरखा. उजव्या हाताने डाव्या दंडाच्या खाली घट्ट धरून बसला होता, आणि त्याच्या बोटांमधून रक्त ठोक्याठोक्याने उसळत होतं.

खोटं रक्त कसं दिसतं ते मला माहीत नाही. खरं कसं दिसतं ते माहीत आहे. शीर तुटली होती. मी विचार केला नाही. ओढणी काढली, घडी करून जखमेवर दाबली, त्याचा हात वर धरला आणि उरलेल्या ओढणीने आवळून बांधू लागले. दगडाची कपची लागली असावी, जखम खोल आणि वेडीवाकडी होती.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. "बाई, तुम्ही आतून आलात?"

"हो."

"फिरंग्याच्या बंदीत होतात?"

मी गाठ मारत होते.

"गाव कोणतं?"

"सातारा," मी म्हणाले. "माहेर वाई."

त्याचा चेहरा बदलला. "वाई! मी येसाजी. वाईच्या वरच्या अंगाला, जांभळीच्या खोऱ्यातला." हे बोलताना त्याचा आवाज अगदी साधा होता, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचा असतो तसा. हे शूटिंग नाही, हे मला त्या क्षणी कळलं. कसं, ते सांगता येणार नाही. वरून किंकाळ्या येत होत्या. कुणी 'कट' म्हणत नव्हतं.

रक्त थांबलं. येसाजीने हात हलवून बघितला आणि उठू लागला.

"बसा. पुन्हा सुटेल."

"माझी माणसं वर गेलीत. मेहुणा गेलाय माझा."

"सुरुंग किती उडाले?" मी विचारलं. आपण हे का विचारतो आहोत हे विचारताना लक्षात आलं.

"दोन. तिसऱ्याची बत्ती विझली म्हणतात."

"विझली नाही," मी म्हणाले. "तो उडणार आहे. माणसं वर असताना."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

काय सांगणार होते? परवा रात्री फुगे खाताना ऐकलं म्हणून? पण उत्तर त्यानेच शोधलं. तो मी आले त्या वाटेच्या तोंडाकडे बघत होता. "आतल्या आहात. बघितलं असणार तुम्ही," असं म्हणून तो उठला आणि धावला.

खाली, दूर पळायला मोकळी जागा होती. तो वर धावला. बांधलेला हात छातीशी धरून, दगडांवरून धडपडत. "माघारी फिरा! खाली सुरुंग जिता आहे! माघारी!" मीही ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. वरून 'हर हर महादेव' उठत होतं. चढणाऱ्या गर्दीत उलटं बोलणाऱ्या माणसाचं कोण ऐकतो? एकाने भाल्याच्या दांड्याने त्याच्या पाठीत हाणलं. "पळपुट्या!" हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. येसाजी पडला, उठला, आणि त्याने पुढे एका धिप्पाड माणसाच्या कमरेला मिठी मारली. दोघांची झटापट झाली. तो माणूस त्याला ढकलत होता, शिव्या देत होता. येसाजीने सोडलं नाही. दोघे गडगडत उतारावरून खाली आले, मी उभी होते त्याच्या थोडं पलीकडे.

मग जमीन उचलली गेली.

आवाज मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की उतार होता तिथे उतार राहिला नाही, आणि आकाशातून बराच वेळ माती पडत होती. मी वाटेच्या तोंडाशी डोकं धरून बसले होते. माती पडायची थांबली तेव्हा 'हर हर महादेव' थांबलेलं होतं.

तो धिप्पाड माणूस म्हणजेच मेहुणा; तो उठून बसला. येसाजी त्याला "रायाजी, रायाजी" म्हणून हलवत होता. रायाजीच्या कानातून रक्त येत होतं आणि त्याला काही ऐकू येत नसावं, कारण तो येसाजीच्या ओठांकडे लहान मुलासारखा बघत होता. पाय मोडला होता. पण जिवंत होता.

येसाजीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हात जोडेल.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तर आधी का नाही सांगितलंत?"

रागाने नाही विचारलं. खरंच विचारलं. मी म्हणाले, "मला उशिरा समजलं." हे खरं होतं. त्याचा चेहरा बघताना मात्र ते खरं असून काही उपयोगाचं वाटलं नाही. चांगला हात रायाजीच्या काखेत घालून त्याने त्याला उभं केलं, आणि दोघे एकमेकांना टेकत मागच्या मातीच्या बांधांकडे गेले. माझी पिवळी ओढणी त्याच्या दंडावर बराच लांबून दिसत होती.

ढासळलेल्या दगडांतून आता आवाज येऊ लागले होते. पाणी मागणारे, आईला हाक मारणारे. हे आवाज माझ्या ओळखीचे. हाताशी काही नव्हतं, पण पिशवीत कात्री होती, पट्ट्या होत्या, पाणी होतं. पिशवी दहा-वीस पावलांवरच्या कोनाड्यात होती. ती आणायला म्हणून मी आत गेले.

पिशवी उचलली तेव्हा कानांचे दडे सुटले आणि समोरून वन्संचा आवाज आला. "सुनंदा, पडलीस का गं?"

मी उलटी वळून बाहेरच्या तोंडाशी धावले. गवत होतं. चिप्सचं रिकामं पाकीट होतं. एक शेळी चरत होती आणि पलीकडून मोटरसायकल गेली. मी पुन्हा आत आले, पुन्हा बाहेर गेले. किती वेळा, मोजलं नाही.

वन्संनी मला दगडावर बसवलं. कुडत्यावर, हातांवर रक्त होतं. त्यांनी बाह्या वर करून माझे हात तपासले.

"हे कुणाचं?"

"माझं नाही."

"ओढणी कुठे आहे?"

मी सांगितलं. सगळं, क्रमाने, ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला सांगतात तसं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग माझ्या कुडत्याच्या खिशातला फोन मागितला, स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ शेजारी धरलं. माझा फोन बराच पुढे होता. आत रेंज नव्हती. आम्ही बघत असतानाच रेंज आली, आकडे सरकले आणि दोन्हींची वेळ एक झाली.

"तू आत गेलीस आणि मी ह्या सपातांतली वाळू झटकली," वन्सं म्हणाल्या. "दुसरी सपात झटकायची होती, तेवढ्यात तुझा पडल्यासारखा आवाज आला."

मग, ज्या वाटेला त्यांचे गुडघे नाही म्हणत होते, त्याच वाटेत त्या वाकून शिरल्या. हातात घड्याळ. बाहेर जाऊन परत आल्या. माझ्या फोनशी वेळ ताडून बघितली, पुन्हा गेल्या. दुपारपर्यंत हेच. घड्याळ एका मिनिटानेही चुकलं नाही. शेवटी धुळीने माखलेल्या अशा बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या.

"मला काही सिद्ध करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण फोन पुढे होता तो मी पाहिला. ते नाकारायचं तर मला मुलांना शिकवलेलं सगळंच नाकारावं लागेल."

इतक्या वर्षांत त्यांनी मला जवळ घेतल्याचं आठवत नाही. तेव्हाही घेतलं नाही. पाण्याची बाटली उघडून दिली.

शेवटची संध्याकाळ

दुसऱ्या दिवशी वन्सं मला गावातल्या होळी नावाच्या बाजारात घेऊन गेल्या. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका वांगी, वाल, केळफुलं घेऊन बसल्या होत्या. भाजीवरून त्यांचं पाणी शिंपडणं, भावावरून हुज्जत, सगळं आमच्या साताऱ्याच्या राजवाड्यावरच्या मंडईसारखं. मी वालाच्या शेंगा घेतल्या आणि त्या कशासाठी घेतल्या ते मला घरी येईपर्यंत कळलं नाही. मार्थाबायने त्या माझ्या हातातून घेतल्या आणि मला निवडायला बसवलं.

शेंगा सोलता सोलता मी तिला सांगितलं. ती हसली नाही, घाबरली नाही, छातीवर क्रुसाची खूणही केली नाही. फक्त विचारलं, "आवाज येत होते म्हणालीस. पुष्कळ होते?"

"पुष्कळ."

"आणि तू परत जाऊ शकली नाहीस."

"नाही."

तिने ताट बाजूला ठेवलं. "संध्याकाळी आम्ही गावच्या क्रुसापाशी जमतो. मेलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना म्हणतो. तूही चल."

"ते आपल्यातले नव्हते... म्हणजे तुमच्यातले."

"भात खाणारे होते ना?"

वस्तीच्या तोंडाशी पांढरा रंगवलेला दगडी क्रूस आहे. ऊन कलल्यावर तिथे आठ-दहा माणसं आली. मेणबत्त्या लागल्या. वाऱ्याने त्या विझत होत्या आणि बायका तोंडाने काही न म्हणता एकमेकींच्या मेणबत्तीवरून पुन्हा लावत होत्या. प्रार्थना मराठीत होती, चालही ओळखीची वाटली, आमच्याकडच्या आरतीसारखी लांबवलेली. वन्सं हात जोडून मागे उभ्या होत्या. मग एकेकाने आपापल्या माणसांची नावं घेतली. कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाचं मूल. मार्थाबायने तिच्या नवऱ्याचं घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की त्या दगडांखालच्या एकाचंही नाव मला माहीत नाही. आवाज माहीत होते. नावं दोनच माहीत होती, आणि ती त्यांच्यातली नव्हती.

सगळे थांबले होते. मी म्हणाले, "येसाजी. रायाजी."

लोकांनी ती नावं त्यांच्या पद्धतीने, संथपणे, माझ्यामागून म्हटली. प्रार्थना संपली. परतताना शेजारी चालणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने माझा हात धरला आणि विचारलं, "तुमचे कोण होते ते? कधी वारले?"

"पूर्वीच," मी म्हणाले. "नक्की कधी ते माहीत नाही. पण त्या दिवशी नाही."